स्मॉल हीथ ते माळीवाडा

आधी बूट घाला. जिन्याखाली आहेत ते, काळे, घोट्याच्या वर येणारे. लष्कराचा जुना माल विकणाऱ्या दुकानातून घेतलेत. तुमच्या पायाला एक नंबर मोठे आहेत, म्हणून पुढे कागद कोंबलाय. नाड्या घट्ट ओढा. आता कोट. तोही त्याच दुकानातला, खाकी, पावसात भिजलेल्या घोंगडीइतका जड, आणि बाहीला आधीच्या मालकाच्या तंबाखूचा वास अजून आहे. आतल्या खिशावर हात ठेवून बघा. पासपोर्ट आहे? नोटांचं पाकीट आहे? मग निघू.

दार उघडलं की 1959 सालचं बर्मिंगहॅम. जूनची सकाळ आहे, तरी बोलताना तोंडातून वाफ निघते. हवेत दगडी कोळशाचा धूर इतका मुरलाय की सकाळी धुतलेला शर्ट घालावा आणि संध्याकाळी कॉलरला काळी कड यावी. तीन वर्षं तुम्ही याच धुरात उठताय. दिवसा कारखान्यात लेथवर शिकाऊ, रात्री तंत्रशाळेत वही-पेन्सिल. खोलीतली गॅसची शेगडी शिलिंग टाकल्याशिवाय पेटत नाही. हिवाळ्यात कितीदा तुम्ही हातातल्या शिलिंगाकडे पाहिलंत, ते परत खिशात टाकलंत आणि कोट पांघरून झोपलात. ते सगळे शिलिंग आज पाकिटात आहेत.

नगरला माळीवाड्यात अण्णा, म्हणजे तुमचे वडील, प्रत्येक पत्रातला पौंड तेरा रुपये तेहतीस पैशांनी गुणून बघतात. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड त्यांना चटकन समजला, कारण पै-आण्यात त्यांचं आयुष्य गेलं. अडचण आपल्याकडच्या नव्या पैशांची आहे. ते सुरू होऊन दोन वर्षं झाली, तरी अण्णा मनातल्या मनात आण्यातच मोजतात. गाडीची किंमत तुम्ही त्यांना कळवलेली नाही. ‘गाडी घेतो आहे, ती चालवत बोटीपर्यंत जातो’ एवढंच लिहिलंत. उत्तरात आईच्या वतीनं एकच ओळ आली: सावकाश चालव.

बसमधून स्मॉल हीथला उतरा. आर्मरी रोडवरचा हा लालसर विटांचा लांबलचक कारखाना बीएसएचा. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नावातच बंदुका आहेत. आधी इथे रायफली बनत, मग सायकली, मग मोटारसायकली. भोंगा वाजतो आणि हजारो सायकली एकाच वेळी फाटकाकडे वळतात. घंट्या, खोकले, बुटांचे खिळे, तळलेल्या माशाचा वास. त्या लोंढ्यात कुणी तुमच्याकडे वळूनही बघत नाही. कारखान्यापासून चार पावलांवर दुकान आहे. तिथे ती उभी आहे.

गोल्डन फ्लॅश. 646 सीसी, दोन सिलिंडर शेजारीशेजारी. रंगाला इंग्रज सोनेरी म्हणतो. तुमच्या आईला विचारलंत तर ती बदामी म्हणेल, आणि आईचंच बरोबर आहे. गाडी परदेशी न्यायची असली की इथला खरेदी कर माफ होतो. दुकानदारानं त्याचे कागद तयार ठेवलेत. सह्या करा. पाचव्या सहीपर्यंत हात कापायचा थांबेल.

आता वाका, आणि इंजिनाच्या उजव्या झाकणावर बोट फिरवा. धातूत उठलेलं चिन्ह लागतंय? एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. हे चिन्ह तुम्हाला आज भेटलेलं नाही. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे असताना भिंगारच्या कॅम्पात लढाईच्या दिवसांत रणगाड्यांची धूळ उडायची आणि त्या धुळीतून निरोप्यांच्या मोटारसायकली धबधब करत यायच्या. बीएसएच्या एम-ट्वेंटी. लष्करासाठी अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या याच आर्मरी रोडवर बनल्या. एकदा एक शिपाई गाडी लिंबाखाली लावून पाणी प्यायला गेला, आणि तुम्ही तापलेल्या इंजिनाला हात लावलात. चटका बसला. बोटावरचा फोड आठ दिवस होता, आणि आठही दिवस तुम्ही तो पोरांना दाखवत फिरलात.

तर चालू करा. पेट्रोलचा कॉक खाली. कार्बुरेटरवरची छोटी पिन दाबून धरा, पेट्रोल बोटांवर ओघळेपर्यंत. बोटं गार पडतील, वास नाकात भरेल. किक सावकाश दाबा, अडली की तिथेच थांबवा, आता सगळं अंग तिच्यावर टाका. पहिल्यांदा नुसता सुस्कारा. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या किकला ती बोलते. एम-ट्वेंटी धबधबायची, ही गुरगुरते, घशातून, आणि पायांखालची फरशी थरथरते. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. एकूण गिअर चार.

मागे कातडी पिशव्या बांधा. तंबू, स्टोव्ह, दोन शर्ट, हत्यारं. सगळ्यात वर आईचं पार्सल: शेंगदाण्याची चटणी आणि तिळाची चटणी, घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्याभोवती ‘केसरी’चे तीन थर. कागदाला चटणीचं तेल सुटलंय. हा कागद टाकू नका. लागणार आहे.

डोव्हरला बोटीच्या पोटात गाडी चढवा. खलाशी ती दोरानं बांधतात, गुराला दावणीला बांधावं तशी. चार तास डुलत राहा. ऑस्टेंडला फळी पडते, तुम्ही ऐटीत बाहेर येता, पहिलं वळण घेता आणि समोरून एक दुधाची गाडी सरळ तुमच्या अंगावर येते. इथे उजवीकडून चालवायचं! दूधवाला जे ओरडतो त्यातला एक शब्द कळत नाही आणि अर्थ पुरता कळतो. पुढचे दोन दिवस तुम्ही प्रत्येक चौकात मोठ्यानं ‘उजवीकडे, उजवीकडे’ म्हणत जाल. म्हणा. ऐकणाऱ्याला मराठी येत नाही.

बेल्जियमचे दगडी रस्ते नुकत्याच पडून गेलेल्या पावसानं मासोळीसारखे चकाकतात. चाक बाजूला सरकलं की पोटात खड्डा पडतो. रस्त्याकडेच्या टपरीवर कागदाच्या शंकूत गरम बटाट्याच्या फोडी मिळतात. त्यांच्यावर टपरीवाला पांढरा दाट रस ओततो. तो बोटानं बाजूला सारा आणि चटणीचा डबा उघडा. भर पावसात, कोटाच्या आडोशाला, तळलेला बटाटा आणि शेंगदाण्याची चटणी. टपरीवाला मान पुढे करून बघतोय. त्यालाही चिमूटभर द्या. तो खोकेल, डोळे पुसेल आणि पुन्हा हात पुढे करेल.

प्रत्येक सीमेवर पिवळं पुस्तक काढायचं. कार्ने म्हणतात त्याला. एका देशाला एक पान आणि पानाचे तीन तुकडे. आत शिरताना एक तुकडा तो साहेब फाडतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा शिक्के घेऊन पुस्तकातच राहतो. गाडी कुठे विकली नाही, सोबत नेली, याचा तो पुरावा. पुस्तक हरवलं तर अनामत गेली, म्हणून रात्री ते उशाखाली. घरी तुमची आजी रेशनकार्ड जपते, तितकंच हे जपा.

कोलोनचं देऊळ धुरानं काळं पडलंय, त्याच्याभोवती कुठे नवी इमारत, कुठे नुसता विटांचा ढीग आणि त्यात उगवलेलं गवत. लढाई संपून चौदा वर्षं झालीत. एका पायाचा माणूस कुबडीवर येतो, गाडीच्या टाकीवरचं इंग्रजी नाव वाचतो, तुमच्याकडे बघतो, आणि काही न बोलता पेट्रोलच्या पंपाचा रस्ता दाखवतो. त्याला काय आठवलं असेल, ते विचारायला तुमच्याकडे भाषा नाही.

पुढे आउटोबान. काँक्रीटच्या मोठमोठ्या लाद्यांचा रस्ता, आणि प्रत्येक सांध्यावर चाक बोलतं: ठक्-ठक्, ठक्-ठक्, मैलोन्मैल. तासाभरात तुम्ही त्या ठेक्यावर अभंग म्हणायला लागता. वारा डोळ्यांत पाणी आणतो, हनुवटी बधिर, पार्श्वभाग तर कधीचाच बधिर. आणि मग ठेक्यात एक परका आवाज मिसळतो. खळ्. खळ् खळ्.

थांबा. खाली बघा. सायलेन्सर धरून ठेवणाऱ्या बोल्टचा नट कुठेतरी गळून पडलाय. तारेनं बांधलंत तर चाळीस मैल निभावतं, मग तार तापून तुटते. म्युनिकच्या अलीकडे एका खेड्यात लोहाराच्या भट्टीशेजारी छोटं वर्कशॉप आहे. आत शिरा. वास ओळखीचा आहे: तापलेलं कटिंग तेल, लोखंडाचा कीस, थंड कॉफी. म्हातारा मालक बोल्ट हातात घेतो, आपल्याकडचा नट त्याच्यावर चढवून बघतो. एक फेरा चढतो आणि अडकतो. त्याच्या डब्यातला एकही नट बसत नाही. त्याचे सगळे आटे मिलीमीटरचे, तुमचा बोल्ट इंचाचा. म्हातारा खांदे उडवतो.

पण तुम्ही गेली तीन वर्षं दुसरं काय केलंत? भिंतीशी लेथ आहे. बोटानं विचारा: मी? तो तुमच्या हातांकडे बघतो. नखांच्या कडेला बसलेला काळा तेलकटपणा त्याला दिसतो, आणि तो बाजूला होतो.

तुमच्या बोल्टवर इंचाला 26 आटे आहेत. म्हणजे एका आट्याचं अंतर मिलीमीटरला अगदी थोडं कमी, पॉइंट नऊशे सत्याहत्तर. आणि आट्याचा कोन साठ अंश, म्हाताऱ्याच्या मिलीमीटरवाल्या आट्याचाही साठच. नट पातळ केला, चार-पाच आट्यांचाच ठेवला, तर एवढा फरक पोटात घेतला जाईल. षट्कोनी सळईचा तुकडा चकमध्ये धरा. भोक पाडा, बोल्टाच्या मापानं रुंदवा. लेथ एक मिलीमीटरच्या आट्यावर लावा. टूल आत घाला, हलका हात, एक घाव, मागे, पुन्हा एक घाव. निळसर कीस कुरळा होऊन मनगटावर पडतो आणि भाजतो. हात हलवू नका. शेवटचा घाव कापला की तेल लावून बोल्ट फिरवा. चढतोय. शेवटी जरा जड जातो, पण तोच जडपणा हवाय, आता हा नट थरथरीनं सुटणार नाही.

म्हातारा नट बोल्टवर तीनदा चढवतो, तीनदा काढतो. मग आतून पाव आणि लोणी आणतो. पैशांचं नाव काढलंत तर हातातली फाइल टेबलावर आपटतो. भाकरी मोडावी तसा तो पाव मोडा आणि त्याच्या शेजारी बाकावर बसून खा. तुम्ही दोघं अर्धा तास बसाल. एकही शब्द न बोलता, उघड्या दारातून पाऊस बघत.

आल्प्स सुरू झाले की हवेचा वास बदलतो. ओलं गवत, शेण, देवदाराचा चीक. गाईंच्या गळ्यातल्या घंटा इतक्या मोठ्या की देवळातून काढून आणल्यासारख्या. रेशेनच्या खिंडीपलीकडे एक तळं लागतं आणि तळ्याच्या मधोमध, पाण्यातून सरळ वर आलेला, चर्चचा मनोरा. नुसता मनोरा. धरणात गाव बुडालं 1950 मध्ये, तेवढा हा राहिला. तुम्हाला उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ आठवलं ना? मला माहीत होतं आठवणार. पण आत्ता तुम्ही 1959 मध्ये आहात. पळसदेवच्या देवळात आज सकाळी कुणीतरी घंटा वाजवून दिवा लावलाय, आणि त्याला पाण्याची काही कल्पना नाही. तळ्याच्या काठी गाडी बंद करा. थोडा वेळ उभे राहा.

आता स्टेल्वियो. प्राड गावाकडून वर जाताना 48 वळणं, एकावर एक रचलेली, पायथ्यावरून बघितलं तर डोंगरावर कुणीतरी दोरखंड फेकून दिल्यासारखी. खंडाळ्याचा घाट तुम्ही एसटीच्या खिडकीतून पाहिलाय, चंदनापुरीचा सायकलवरून चढलाय. हे वेगळं आहे. प्रत्येक वळणावर पहिला गिअर, मान वळवून वरचा रस्ता बघा, जवळजवळ दोनशे किलोची गाडी आणि वर सामान, पाय जमिनीला टेकवलात तर आडवे व्हाल. विसाव्या वळणानंतर तळहातांना फोड. तिसाव्यानंतर गाडीला दम लागतो. हवा विरळ झाली, पेट्रोल तेवढंच जातंय, तिचा गळा भरून आलाय. तुमचाही. गारठा कोटाच्या बटणांमधून सुईसारखा आत येतो.

इथे थांबा आणि तो कागद काढा. चटणीच्या डब्याभोवतीचा. उलगडून छातीवर लावा, शर्टाच्या आणि कोटाच्या मध्ये. इथले सगळे गाडीवाले हेच करतात, पण त्यांच्या वर्तमानपत्राला लसणाचा वास येत नाही. ऊब येतेय? पाच आठवड्यांपूर्वीचे बाजारभाव आणि लग्नाच्या जाहिराती छातीशी धरून तुम्ही 2,757 मीटरवर पोचता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीहून वर बर्फाच्या भिंती, निळसर, कापलेल्या खव्यासारख्या. आपल्या अकोल्याची कळसूबाई, उभ्या महाराष्ट्रात सगळ्यांत उंच, 1,646 मीटर. तिच्या डोक्यावर आणखी 1,111 मीटर चढवा, तेव्हा हा रस्ता येतो. तापलेल्या इंजिनावर बर्फाचा गोळा ठेवा. चर्र आवाज होतो आणि वाफ तोंडावर येते. मोठ्यानं हसा, इथे पोरासारखं हसलेलं शोभतं.

उतरलं की इटलीचं ऊन. खरं ऊन, पाठीवर हात ठेवल्यासारखं. कोट पिशवीत जातो. पोच्या खोऱ्यात शिरलात की रस्त्याच्या कडेनं पाट वाहतायत, बांधावर तुती, झाडाला पिकत आलेली पीच, आणि पुढे मैलोन्मैल रुंद हिरव्या पानांचं एक पीक. हे साखरेचं बीट. दूर कारखान्याची चिमणी. पाट, काळसर माती, साखरेच्या कारखान्याची चिमणी: क्षणभर वाटतं, लोणी-प्रवरानगरच्या रस्त्याला लागलोय. उसाच्या जागी बीट, एवढाच फरक. पाटात तोंड धुवा. पाण्याला तोच वास आहे, चिखलाचा आणि शेवाळाचा.

बोलोन्याच्या पुढे, लुगो गावाच्या आसपास, मोठा रस्ता सोडा. या वळणासाठी तुम्ही नकाशावर पेन्सिलीनं खूण केली होती, बर्मिंगहॅमला असतानाच. मातीचा रस्ता, दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, आणि समोर गवतानं भरलेला एक उंच, सरळ बांध. गाडी खाली लावून बांध चढा. वर गेल्यावर खाली नदी दिसते. अरुंद, गढूळ, संथ, आपल्या पाटापेक्षा थोडीशीच रुंद. पलीकडे तसाच दुसरा बांध. हिचं नाव सेनिओ.

9 एप्रिल 1945. जर्मन मशिनगनी त्या बांधावर होत्या. नदीत उतरलेल्या मराठा पलटणीच्या कंपनी कमांडरसोबत एक निरोप्या होता, तेवीस वर्षांचा. नामदेव जाधव, गाव निमज, तालुका संगमनेर. कमांडरसोबतची तुकडी गोळ्यांनी जवळजवळ संपली. नामदेवरावांनी एका जखमीला खांद्यावर घेतलं, खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप पोचवलं. परत आले. दुसऱ्याला नेलं. मग पुन्हा आले, एकटे, आणि मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले. हाताला गोळी लागली तेव्हा बंदूक फेकून हातबॉम्ब घेतले. एकामागून एक तीन ठाणी गप्प केली. आणि तोफगोळे पडत असताना बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना दिली, आणि बाकीच्या पलटणीला हातानं बोलावलं: या.

त्या बांधावर. तुम्ही उभे आहात त्याच्यासारख्याच गवतावर.

व्हिक्टोरिया क्रॉसची बातमी नगरला आली तेव्हा तुम्ही शाळेत होता. तेव्हा सेनिओ म्हणजे तुमच्या मनात गोदावरीएवढी नदी होती. ती इतकी लहान आहे हे बघून तुमचा घसा दाटून येतो. एवढ्याशा पाण्यासाठी. मी तुम्हाला इथे घाई करणार नाही. बसा.

मांडवातून एक शेतकरी येतो, डोक्यावर गवती टोपी. तुमचा रंग बघतो, गाडी बघतो, आणि बांधाकडे हात करून विचारतो, “इंदियानो?” तुम्ही मान हलवता. तो स्वतःच्या छातीशी हात धरून उंची दाखवतो, मी तेव्हा एवढा होतो. मग पलीकडच्या बांधाकडे बोट करतो, तोंडानं मशिनगनचा आवाज काढतो आणि मध्येच थांबतो. खिशातून एक पीच काढून शर्टाला पुसतो आणि तुम्हाला देतो. रस कोपरापर्यंत ओघळेल, ओघळू द्या. फोर्लीला हिंदी सैनिकांचं स्मशान आहे, तिथला रस्ताही तोच समजावतो. संध्याकाळी तुम्ही तिथे जाल, दगडावरची नावं बोटानं वाचाल, आणि एखाद्या ओळखीच्या आडनावापाशी बोट थांबेल.

जिनोआ, आणि ‘व्हिक्टोरिया’ बोट. लॉइड ट्रिएस्टिनोची, पांढरीशुभ्र. पेट्रोल काढून टाका, बॅटरीच्या तारा सोडवा. क्रेन दोराच्या झोळीत गाडीला उचलते, आणि ती हवेत गोल फिरत जाते तेव्हा तुमचे हात आपोआप वर होतात, जणू पडली तर तुम्ही झेलणार आहात. बोटीवरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. शेवया रोज. सुएझच्या कालव्यात दोन्ही बाजूंना वाळू इतकी जवळ की बोट वाळवंटातून चालल्यासारखी. एडनला अंगावर आलेली गरम हवा, भट्टीचं दार उघडल्यासारखी. आणि मग अरबी समुद्रात मान्सून. दोन दिवस तुम्ही कॉटला धरून पडून असता.

बॅलार्ड पियर. आधी वास येतो. ओलं गोणपाट, मासळी, डांबर, उदबत्ती, घाम. मग आवाज: हमाल, छत्र्या, नातेवाईक, “अरे इकडे इकडे!” तीन वर्षांनी चारी बाजूंनी मराठी एकदम कानावर आदळतं आणि तुम्हाला काहीच नीट ऐकू येत नाही. कस्टम्सच्या मेजावर कागद, आणखी कागद, जकातीचा हिशेब, उद्या या, परवा या. दारूबंदी आहे, तेव्हा साहेब प्रत्येक पिशवीत हात घालून बाटली शोधतो. त्याच्या हाताला चटणीचा रिकामा डबा लागतो. झाकण उघडून वास घेतो. “घरची?” विचारतो, आणि शिक्का मारतो.

पहाटे निघा. आता पुन्हा डावी बाजू. सवय इतकी मोडलीय की पहिल्या चौकात टांगेवाला तुम्हाला शिव्या घालतो, आणि त्या शब्दन् शब्द समजतात याचा केवढा आनंद. खोपोलीला पाऊस नुसता पडत नाही, कोसळतो. बोरघाटात दहा हातांपलीकडे काही दिसत नाही, डोंगरावरून आलेलं लाल पाणी रस्ता ओलांडतंय, एका वळणावर पोत्याच्या खोळीखाली कणसं भाजणारी बाई. थांबा. निखाऱ्याचा धूर, लिंबू, तिखट. उभ्या उभ्या कणीस खाताना गाडीकडे बघा. मडगार्डखालून चिखल विरघळून वाहतोय. बेल्जियमचा, बव्हेरियाचा, सगळा. हात पुढे करून काय उपयोग, पावसाला कोण अडवणार.

पुणे ओलांडलं की पाऊस मागे पडतो. कोरेगाव भीमा, शिक्रापूर, रांजणगावला गणपतीपुढे दोन मिनिटं. शिरूरला घोड नदीचा पूल, आणि पुलापलीकडे आपला जिल्हा. इथली हवा कोरडी. आकाशात नुसते रिकामे ढग पळतायत, बांधावर बोराटी, माळावर मेंढरं, कुठे कुठे बोटभर वर आलेली बाजरी. स्टेल्वियोच्या बर्फानंतर हा उघडा माळ कुणाला सुंदर वाटेल? तुम्हाला. सुप्याच्या चढावर गॉगल काढा, वारा डोळ्यांत घ्या. केडगाव येतं, आणि दूर पूर्वेला डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो, ठिपक्याएवढा.

नगर अजून सायकलींचं आणि टांग्यांचं गाव आहे. पुढे दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात लूना बनतील आणि घरोघरी इंजिनाचा आवाज होईल, पण त्याला बराच अवकाश आहे. आज माळीवाड्याच्या वेशीतून तुमची गाडी आत शिरते तेव्हा गल्लीतलं एकेक दार उघडत जातं. पोरं मागे धावतायत. कुणीतरी ओरडतं, “अण्णांचा आला!” इंजिन बंद करा. कानात अजून ते चालूच आहे.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तुमच्यावरून ओवाळते, मग थोडी थांबते, आणि गाडीवरूनही ओवाळते. हेडलाइटच्या काचेवर कुंकवाचं बोट. स्वयंपाकघरातून शिपी आमटीचा वास गल्लीत आलाय, पोटात कालवतंय, पण अण्णा अजून काही बोललेले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून ते गाडीभोवती एक फेरी मारतात. जर्मनीतल्या नटापाशी थांबतात. “हा वेगळा दिसतो.” तुम्ही सांगता. ते “हं” म्हणतात. उकिडवे बसतात, उजव्या झाकणावरच्या तीन रायफली धोतराच्या सोग्यानं पुसतात. मग इंजिनाखाली हात घालतात. तिथे, पट्टीच्या मागे, घाटातला पाऊस पोचला नव्हता. नखभर वाळलेली पिवळट माती त्यांच्या बोटाला लागते.

“ही कुठली?”

“सेनिओची, अण्णा.”

त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. ते बोट तसंच धरून उठतात. आई म्हणते, “आधी जेवा दोघं.” अण्णा धोतर सावरतात आणि जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर पाय टाकतात. त्यांचा हात तुमच्या खांद्यावर येतो, घट्ट.

“कॅम्पापर्यंत घे,” ते म्हणतात. “सावकाश.”